परसातला रातांबा : कलम निवडण्यापासून आगळ घालेपर्यंत

रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, लावायचं म्हणून बरेच जण पाऊस सुरू झाला की नर्सरीत जातात, दिसेल ते हिरवंगार रोप उचलतात, घरी आणून मोकळ्या उन्हात लावतात आणि मग सात-आठ वर्षं वाट बघत बसतात. मी पण हेच केलेलं. विहिरीच्या बाजूला लावलेलं रोप जगलं, वाढलं, आठव्या वर्षी फुललं, घरात सगळे खूश, आणि मग फुलं गळून गेली, फळ एक नाही. पुढच्या वर्षी परत तेच. शेवटी शेजारच्या वाडीतल्या काकांनी फांदी खाली ओढून फूल हातात घेतलं, निरखून बघितलं आणि म्हणाले, "अगो, ह्यो नर आसा, ह्येका काय्येक धरूचा नाय."

आठ वर्षं गेली ती गेली. म्हणून नव्याने लावणाऱ्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण रातांबा हे झाड खरंतर खूप कमी मागणारं आहे, फक्त सुरुवातीच्या दोन गोष्टी चुकल्या तर नंतर कितीही खत-पाणी घाला, उपयोग नाही. एक म्हणजे झाड मादी आहे याची खात्री, आणि दुसरी म्हणजे लहानपणी सावली.

आधी झाडाचा स्वभाव समजून घ्या

रातांबा, कोकम, भिरंड, नावं वेगळी, झाड एकच. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, म्हणजे मँगोस्टीनच्याच कुळातलं. आपल्या पश्चिम घाटातलं, इथलंच झाड आहे हे, कोकण, गोवा, कारवारकडचा भाग आणि खाली केरळपर्यंत. जंगलात हे कधी सगळ्यात उंच झाड म्हणून दिसत नाही, मोठ्या झाडांच्या खालच्या मजल्यावर अर्ध्या सावलीत वाढतं. बारीक सरळ खोड, खाली झुकलेल्या फांद्या, वर्षभर हिरवं, आणि नवीन पालवी येते तेव्हा तांबूस लाल. वाढ हळू. पहिली दोन वर्षं तर वाटतं की हे जागचं हलतच नाहीये, घाबरू नका, ते तसंच असतं.

हे एकदा लक्षात आलं की जागा कुठली द्यायची ते आपोआप कळतं. घराच्या मागे माड आहेत, पोफळी आहेत, एखादा जुना फणस आहे, त्यांच्या मधली विरळ सावलीची जागा याच्यासाठी उत्तम. लोक ती जागा "इथे काही होत नाही" म्हणून सोडून देतात, आणि रातांब्याला नेमकी तीच आवडते. अगदी गडद काळोखी सावली मात्र नको, फळ धरायला वयात आल्यावर थोडं ऊन लागतंच, दिवसातून काही तास कवडसे तरी पडले पाहिजेत.

घाटावर, म्हणजे कोरड्या हवेच्या भागात राहणारे खूप जण विचारतात लावू का म्हणून. दमट हवा हा याचा जीव आहे. कोकणपट्टी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी निवांत होतं, कोरड्या वाऱ्यात सावली आणि पाण्याची जास्त काळजी घ्यावी लागते आणि फळाची अपेक्षा जपूनच ठेवावी. कुंडीत लावू नका, माझं स्पष्ट मत. रोप जगेल, पण रातांब्याचं सोटमूळ खोल जाणारं, त्याला कुंडीत कोंडून काय मिळणार.

नर-मादीचा घोळ

रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी लावून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत नुसत्या पानावरून किंवा खोडावरून ओळखायची कुठलीही खात्रीची खूण नाही. "या रोपाची पानं रुंद आहेत म्हणजे मादी" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. बियांच्या झाडाला फुलायला सहा ते आठ वर्षं लागतात, म्हणजे एवढी वर्षं थांबून नाणं उडवण्यासारखं आहे ते.

तुमच्याकडे आधीचं झाड असेल तर फूल कसं बघायचं ते सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फुलांचा काळ. नर झाडावर फुलं झुबक्याने येतात, एकेका ठिकाणी चार-पाच किंवा जास्त, आणि फूल उघडून बघितलं की मध्ये पुंकेसरांचा गच्च गोळा दिसतो, बाकी काही नाही. मादी फुलं एकेकटी किंवा दोन-तीन, देठ जाड, आणि मधोमध छोटासा गोल हिरवट मणी असतो, तोच पुढे रातांबा होतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा, लगेच कळतं. मी आता कोणाच्या वाडीत गेले की आधी फूल बघते, सवयच लागलीय.

यावर उपाय एकच, कलम घ्या. मादी झाडाच्या काडीचं कलम म्हणजे ते झाड मादीच असणार, आणि फळही चौथ्या-पाचव्या वर्षी दिसायला लागतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने दोन जाती दिल्या आहेत. कोकण अमृता ही १९९७ सालची, फळ मध्यम, साधारण ३५ ग्रॅमचं, पण साल जाड आणि बरंचसं पीक पावसाच्या आधी तयार होतं, आणि हा मुद्दा किती मोठा आहे ते जूनमध्ये झाडाखाली कुजलेल्या रातांब्यांचा सडा ज्याने बघितलाय त्यालाच कळेल. दुसरी कोकण हातीस, तिचं फळ चांगलंच मोठं, ९० ग्रॅमच्या आसपास. घरच्यासाठी एकच लावणार असाल तर मी अमृता म्हणेन, सोलं, म्हणजे वाळवलेली आमसुलं, करायची असतील तर मे महिन्यातलं ऊन मिळालंच पाहिजे.

मग नर झाड लागतंच नाही का? मोठ्या बागेत दहा मादी कलमांमागे एक नर ठेवायची शिफारस असते. परसात एक-दोन झाडं लावणाऱ्याने कोकणात तरी याचं टेन्शन घेऊ नये, आजूबाजूला कुठेतरी रायवळ, म्हणजे बियांपासून उगवलेलं, नर झाड असतंच. माझा तो विहिरीजवळचा नर पण मी तोडला नाही, ठेवलाय.

कलम विकत घेताना काय बघायचं

रातांब्याचं कलम मृदुकाष्ठ पद्धतीने करतात, म्हणजे कोवळ्या खुंटावर (बियांपासून वाढवलेल्या खालच्या रोपावर) पाचर मारून काडी बसवतात. विद्यापीठाची किंवा सरकारमान्य नर्सरी बघा, जातीचं नाव विचारा, पावती घ्या. मग रोप हातात घेऊन सांध्याकडे बघा. सांधा नीट भरून आलेला पाहिजे, खालचं खोड आणि वरची काडी साधारण एकाच जाडीची, मध्ये फट नको आणि काळपट डाग नको. बोटाने अगदी हलकं ढकलून बघा, सांध्यातून हललं तर ते घेऊ नका. सांध्याच्या वर निदान दोन-तीन पानांच्या जोड्या नव्याने आलेल्या असल्या पाहिजेत, नुसती जुनी काडी हिरवी दिसते म्हणून कलम जगलंय असं नसतं.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. रातांब्याच्या झाडावर दोन प्रकारच्या फांद्या असतात, एक सरळ वर जाणारा शेंडा आणि दुसऱ्या आडव्या बाजूच्या फांद्या, आणि काडी ज्या प्रकारच्या फांदीवरून घेतली असेल त्याच सवयीने कलम आयुष्यभर वाढतं. उभ्या शेंड्याची काडी असेल तर झाड सरळ, निमुळतं, मंदिराच्या शिखरासारखं होतं. आडव्या फांदीची असेल तर कलम एका बाजूला कलंडतं, जमिनीलगत पसरतं, झुडपासारखं होतं. माझं दुसरं कलम असं कलंडायला लागलं तेव्हा मी त्याला दोरीने बांधून सरळ करायचा दोन वर्षं प्रयत्न केला, ते काही ऐकेना, मग कळलं की त्याचा स्वभावच तो आहे. वाईट काहीच नाही त्यात, उलट फळं हाताशी येतात, फक्त जागा जास्त लागते. म्हणून घेतानाच विचारा. माडांच्या मध्ये चिंचोळी जागा असेल तर सरळ वाढणारं, मोकळं परस असेल तर पसरणारं चालेल.

खड्डा आणि लागवड

खड्डा एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा, ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि तेवढाच खोल, म्हणजे दोन फूट प्रत्येक बाजूने. जांभ्याची जमीन असेल आणि दीड फुटावर कातळ लागला तर दमून तसंच लावू नका, पहारीने फोडा नाहीतर जागा बदला, मूळ खाली गेलं पाहिजे. पंधरा-वीस दिवस खड्डा उन्हात तापू द्या. मग वरची चांगली माती, दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, थोडा पातेरा (सुका पाला) असं भरून घ्या आणि भर जमिनीपेक्षा थोडी वर ठेवा, पहिल्या पावसात ती बसते. शेण कच्चं अजिबात नको, वाळवी आणि हुमणी त्याच्यामागोमाग येतात.

दोन झाडांत ६ मीटर अंतर ठेवा. माडाच्या वाडीत माड साधारण २५ फुटांवर असतात, तर चार माडांच्या बरोबर मध्ये एक रातांबा छान बसतो. घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट लांब.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला. पहिल्याच सरीला घाई करून लावलं आणि मग आठ-दहा दिवस उघडीप पडली की कोवळं कलम मान टाकतं. पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि लावताना सांधा जमिनीच्या वर चार बोटं तरी राहिला पाहिजे, तो मातीत गाडला गेला तर कुजतो नाहीतर खालचा खुंट जोर धरतो. बाजूला बांबूची काठी रोवून सुतळीने सैल बांधा, आठच्या आकड्यासारखा फेरा द्या म्हणजे साल घासत नाही. सांध्यावरची प्लास्टिकची पट्टी तशीच राहिली असेल तर ती कापून काढायला विसरू नका, खोड जाड झालं की ती आत रुतते.

पाणी साठणारी जागा असेल तर आळं करू नका, उलट बुंध्याशी मातीचा उंचवटा करा आणि पाणी जायला चर काढा. आळं पावसाळा संपल्यावर करायचं.

पहिली तीन वर्षं

खरं काम इथे आहे आणि लोक नेमके इथेच ढिले पडतात.

सावली. पावसाळ्यात काही प्रश्न नसतो, पण ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की कोवळी पानं कडेने भाजायला लागतात. पश्चिम आणि दक्षिण बाजूला माडाच्या झावळ्या तिरक्या रोवून आडोसा करा, किंवा चार काठ्यांवर हिरवं शेडनेट बांधा. झावळ्या मला जास्त बऱ्या वाटतात, वारा खेळतो आणि सुकल्या की तिथेच आच्छादनाला होतात. निदान दोन उन्हाळे असा आडोसा हवाच. वरून माडांची सावली आधीच असेल तर हे काम वाचलं.

पाणी. पाऊस थांबला की जमिनीत काही दिवस ओल राहते, नोव्हेंबरपासून मात्र आठवड्यातून एकदा, मार्च ते मेमध्ये दोनदा, एका वेळी १०-१५ लिटर. रोज तांब्याभर घालण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण वरवर पाणी मिळालं की मुळं पण वरच राहतात. तीन वर्षांनंतर झाड स्वतःचं बघतं, आमच्या मोठ्या झाडांना आता कोणी पाणी घालत नाही.

आच्छादन. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून पातेरा पसरा, त्यावर नारळाची सोडणं (वरची सालपटं) उपडी मांडा. भर मे महिन्यात ते सोडण उचलून बघा, खाली माती गार, काळसर आणि हाताला ओलसर लागते, बाजूची लाल माती तोपर्यंत विटेसारखी झालेली असते. हे एकदा स्वतः बघितलं की आच्छादन का करायचं ते कोणी सांगायला लागत नाही. परसातला पाला जाळणं मी तेव्हापासून बंद केलं.

खुंटाची फूट. सांध्याच्या खालून जो कोंब येईल तो दिसल्या दिसल्या काढून टाका. तो बियांच्या खुंटाचा असतो, जोमाने वाढतो आणि वरच्या कलमाला उपाशी मारतो. काही वेळा कलम मरतं आणि खुंट वाढतो, मालकाला वाटतं झाड मस्त चाललंय, आणि मग परत तीच आठ वर्षांची गोष्ट. महिन्यातून एकदा खाली वाकून बघायचं, बस.

खत. शिफारस अशी की पहिल्या वर्षी २ किलो शेणखत, ५० ग्रॅम नत्र, २५ ग्रॅम स्फुरद आणि २५ ग्रॅम पालाश, आणि दर वर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षापर्यंत २० किलो शेणखत, ५०० ग्रॅम नत्र, २५० स्फुरद, २५० पालाश. इथे एक गफलत होते, ५० ग्रॅम नत्र म्हणजे ५० ग्रॅम युरिया नव्हे, साधारण ११० ग्रॅम युरिया. पावसाचा जोर ओसरल्यावर, जमिनीत ओल असताना, फांद्यांच्या घेराखाली गोल चर काढून द्या, बुंध्याशी ओतू नका. मी स्वतः रासायनिक जवळजवळ घालत नाही, शेणखत आणि पातेऱ्यावरच भागतं, पण मला विकायचं नाहीये, ज्याला उत्पन्न काढायचंय त्याने शिफारशीप्रमाणे जावं.

रोग-कीड फार नाही, हे या झाडाचं मोठं सुख. जोरदार पावसाच्या भागात फांदीवर गुलाबी बुरशी दिसते आणि पुढची फांदी सुकत जाते, ती फांदी बुरशीच्या खालपासून निरोगी भागात कापा, जाळून टाका आणि कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. माकडांचा उपद्रव मात्र खरा आहे आणि त्याच्यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही, पिकायला लागली की रोज काढत राहणं एवढंच.

छाटणी नावापुरती. सुकलेल्या आणि जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या काढा. सरळ वाढणारं झाड दहा-पंधरा मीटरपर्यंत सुद्धा जातं आणि मग वरचे रातांबे काढायला माणूस मिळत नाही, म्हणून मी शेंडा बारा-तेरा फुटांवर मारते, तोडणी संपल्यावर.

फळ धरल्यावर

फळ धरल्यापासून पिकायला साधारण चार महिने लागतात. हिरवं, मग पिवळसर-लालसर, मग गडद लाल ते जांभळं. पूर्ण लाल झालं की काढा, एप्रिल-मे हा मुख्य काळ. झाड हलवून पाडू नका, पडलेलं फळ फुटतं आणि त्यात माती जाते, हाताने नाहीतर झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढा. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, दोन-चार दिवसांनी फेरी मारायची.

सोलं करायला रातांबे धुऊन, पुसून, दोन भाग करायचे, बिया आणि गर एका भांड्यात काढून त्यात मीठ घालायचं. साली उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी त्या रसात बुडवायच्या, सकाळी परत उन्हात, असं चार-पाच वेळा, की ती काळीभोर, मऊ आमसुलं तयार होतात. पाऊस जवळ आला असेल आणि ऊन नसेल तर आगळ, म्हणजे मिठात टिकवलेला रातांब्याचा रस, घाला, किलोभर फळांना १५०-२०० ग्रॅम मीठ, बरणीत भरून आठवडाभर रोज ढवळायचं, मग गाळून बाटलीत, वर्षभर सोलकढीची सोय. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा चांगल्या प्लास्टिकचं घ्या, पितळ-ॲल्युमिनियम नको, रातांब्याचा आंबटपणा धातू खातो.

बिया टाकू नका. वाळवून कुटून, पाण्यात उकळून त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, काढतात, भेगा पडलेल्या टाचांना त्याच्यासारखं काही नाही. आणि स्वतः कलम बांधून बघायचं असेल तर मीठ न लागलेल्या ताज्या बिया बाजूला ठेवा, स्वच्छ धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पिशवीत पेरा, ठेवून दिल्या तर त्यांची उगवण जाते. पुढच्या वर्षी ते खुंट पेन्सिलीएवढे जाड झाले की तुमच्याच मादी झाडाची काडी त्यांच्यावर बसवता येईल.